आस्लाउगचं परतीचं तिकीट

आस्लाउगबद्दल लिहायला बसलो की माझ्या पोटात दुखायला लागतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे कुठे माझी लेखणी तिरकी चालली, तर निदान कारण तरी ठाऊक असेल.

आमच्या हामरेवीक गावात माणसं नऊशे. त्यांतला बोलण्यावर पोट भरणारा माणूस एकच होता, तो म्हणजे मी, ओद्मुन हेल्ले. गावच्या रेडिओवर सव्वीस वर्षं निवेदक. हवामान, मासळीचे भाव, मयताच्या बातम्या, शाळेच्या सहली, सगळं माझ्या तोंडून लोकांनी ऐकलं. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधल्या खाडीच्या, या काठाला माझा आवाज ओळखत नाही असा कुत्रासुद्धा नव्हता. आणि त्या काळात आस्लाउग काय करत होती? फेरीबोटीच्या कँटीनमध्ये तव्यावर स्वेले, म्हणजे जाडसर गोड धिरडी, भाजत होती.

आज ती तिच्या पॉडकास्टवर तीन माणसं पगारावर ठेवून आहे आणि मी घरी पन्हाळी साफ करतो.

दिसायला आस्लाउग ठेंगणी, रुंद खांद्यांची. केस स्वतःच कापते आणि ते कळतं. आवाज म्हणाल तर पत्र्यावर खडी ओतावी तसा. वाक्य सुरू करते एकीकडे, मध्येच हसते, शेवट गिळून टाकते. आमच्या धंद्यात असल्या माणसाला मायक्रोफोनच्या खोलीत झाडू मारायलाही पाठवत नसत. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. तिच्यासमोर माणसं बोलतात. का बोलतात ते मला अजून कळलेलं नाही. ती काही विशेष विचारत नाही. लोणी-साखर लावलेलं गरम स्वेले कागदात गुंडाळून पुढे करते, "मग?" म्हणते आणि गप्प राहते.

बोटीला हे काठ ते काठ बावीस मिनिटं लागत. तेवढ्यात ट्रकवाले, नर्सा, पाद्रीबुवा, नुकतीच भांडून निघालेली नवराबायको, सगळे काउंटरला टेकून तिला काहीबाही सांगू लागत. आणि गोष्ट रंगात आली की नेमका भोंगा वाजायचा. "वाहनचालकांनी आपापल्या गाड्यांकडे जावं." की माणूस उरलेली कॉफी घशात ओतून जिना उतरून पसार. एकतीस वर्षं ती हेच पाहत आली.

"माझ्याकडे नुसत्या अर्ध्या गोष्टींचा ढीग आहे रे," ती म्हणायची. "त्या सोल्वाईच्या दिराने पुढे घर विकलं की नाही, देव जाणे."

हे ती आमच्याच स्वयंपाकघरात म्हणायची. तिचा नवरा गेल्यापासून दर शनिवारी अकराला ती आमच्याकडे कॉफीला येते. माझी बायको तूरी वाफल करते, आस्लाउग तपकिरी चीजचा लांबलचक तुकडा कापते, मी त्या आठवड्यात रेडिओवर काय काय केलं ते सांगतो. निदान सांगत असे.

मग डोंगराखालून बोगदा झाला. बोट बंद पडली. त्याच वसंतात नगरपालिकेने रेडिओचं अनुदान काढून घेतलं आणि आम्हीही बंद पडलो. ती सत्तावन्न वर्षांची, मी एकसष्ट. दोघंही एकाच महिन्यात घरी.

एका शनिवारी तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "ओद्मुन, आपण पॉडकास्ट काढू या."

"कशाचा?"

"बोटीचा. पाहुणा बोलावायचा, त्याला बोलू द्यायचं बरोब्बर बावीस मिनिटं. भोंगा वाजला की बंद. मग तो कुठेही असो, वाक्याच्या मधे असला तरी बंद."

"वाक्याच्या मधे?" मी म्हटलं. "अगं, पाहुण्याचं वाक्य तोडणं म्हणजे आमच्यात पाप समजतात. सव्वीस वर्षांत मी एकाचंही तोडलेलं नाही."

"म्हणून तर लोक झोपायचे," तूरी म्हणाली.

"यंत्राचं तू बघ, माणसांचं मी बघते," आस्लाउग म्हणाली. "निम्मं निम्मं. काय म्हणतोस?"

मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यानंतर मी ते वाक्य हजारदा मनात घोळवलं आहे. मी म्हटलं, "आस्लाउग, राग मानू नकोस, पण हा आवाज लोक पैसे मिळाले तरी ऐकणार नाहीत." तूरीने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. आस्लाउग मात्र खो खो हसली. "नसतील ऐकत तर नसू देत," म्हणाली, आणि माझ्याकडे जुना मायक्रोफोन आहे का विचारलं. होता. मी तो तिला दिला. फुकट नव्हे, आठशे क्रोनरला.

ती पॉडकास्ट करायची तिच्या गाडीत. बंद पडलेल्या धक्क्यावर, एक नंबरच्या रांगेत, जिथे पूर्वी गाड्या बोटीची वाट बघत उभ्या राहायच्या. इंजिन बंद, पाहुणा शेजारच्या सीटवर, समोर पाणी. मी ऐकलं तेव्हा आधी हसलो. मग डोळे मिटून नीट ऐकलं आणि हसू मावळलं, कारण गाडीतला आवाज फार सुरेख येतो. सीटा घुमणारा आवाज पिऊन टाकतात. आम्ही रेडिओवर भिंतीला महागडे गादीचे तुकडे चिकटवून जे साधलं नव्हतं, ते तिला गंजक्या गाडीत साधलं. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

पॉडकास्टचं नाव 'बावीस मिनिटं'. पहिलं वर्ष मजेत गेलं, माझं. दर शनिवारी मी विचारायचो, "किती जण ऐकतात गं?"

"साठ."

"साठ. वा. मला रेडिओवर बाराशे होते."

ते काठावरच्या सगळ्या गावांतले मिळून बाराशे, बुधवारच्या रेडिओ-बिंगोसाठी ऐकत, आकडे मी वाचत असे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पण आस्लाउग कधी बोलली नाही. चीज कापत राहायची.

दुसऱ्या वर्षी तिने लाइडुल्फला बोलावलं. लाइडुल्फ मासळीचा ट्रक चालवतो. बायको त्याला सोडून गेली तेव्हा ती स्वयंपाकघरात एक पाकीट ठेवून गेली होती आणि त्याने ते नऊ वर्षं उघडलंच नव्हतं. ट्रकच्या खणात ठेवून सगळा देश फिरला. "तर गेल्या रविवारी," लाइडुल्फ सांगत होता, "घेतली सुरी, म्हटलं आता होऊन जाऊ दे. उघडलं पाकीट, तर आत..." आणि भोंगा. "वाहनचालकांनी आपापल्या गाड्यांकडे जावं," आस्लाउग म्हणाली, आणि संपलं.

मी दुपारी दोन वाजता कुंपणाला हिरवा रंग देत होतो. ब्रश हातात धरून तसाच उभा राहिलो. पुढे काय? पुढे एक लहानशी सूचना होती. उरलेली गोष्ट ज्यांना ऐकायचीय त्यांनी परतीचं तिकीट काढावं, महिना एकोणपन्नास क्रोनर.

मी काढलं. तूरीच्या नावावर. अजून चालू आहे.

असं तिने आमच्या डोळ्यांदेखत दुकान थाटलं. अर्ध्या गोष्टी फुकट, उरलेल्या अर्ध्यांना तिकीट. एकतीस वर्षं जे तिला छळत होतं तेच तिने विकायला काढलं. आणि ते तिने मला आधी, माझ्याच टेबलावर, निम्म्या भागीने देऊ केलं होतं. तेलविहिरींवरची माणसं तिकीट काढू लागली. घरोघर म्हाताऱ्यांना औषध द्यायला गाडीने फिरणाऱ्या नर्सा काढू लागल्या. स्पेनमध्ये ऊन खात बसलेले आपले पेन्शनवालेही. तीनशे झाले, मग हजार, मग चार हजार. शनिवारी आता मी आकडा विचारेनासा झालो, तर तूरी विचारायची. मुद्दाम.

पहिली जाहिरात दिली टायरवाल्याने. आमच्या काळी जाहिरात म्हणजे मी घसा साफ करून, एकेक शब्द तोलून वाचत असे. ही काय म्हणाली? "मी हिवाळी टायर इथूनच घेतले. दुकानातला माणूस जरा तुसडा आहे, कॉफी विचारत नाही. टायर चांगलेत." बस. मी म्हटलं, आता टायरवाला हिला कोर्टात खेचणार. पंधरा दिवसांत त्याचे टायर संपले आणि तो दुकानात कॉफीचं यंत्र घेऊन आला. पुढे बँकेची जाहिरात आली, लोकरीच्या मोज्यांची आली. स्वेलेचं कोरडं पीठ पिशवीत भरून तेही ती विकू लागली. बोटीवरचा इंजिनवाला इंग्वाल्ड, ज्याचे हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे असायचे, तो आता तिच्याकडे हेडफोन लावून आवाज जुळवत बसतो. माझं काम. इंग्वाल्ड! धक्क्यावरची प्रवाशांची खोली तिने विकत घेतली, रंगवली, वर पाटी लावली.

समाजघरात तिने तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केला तेव्हा एकशे ऐंशी खुर्च्या भरल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. तिने मला पाहिलं आणि मायक्रोफोनमधून ओरडली, "अरे, आपला ओद्मुन आलाय! बिंगोवाला ओद्मुन!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, त्याचाच तर त्रास. मागून एक बाई म्हणाली, "अय्या, हे अजून आहेत?" मी उठून हात हलवला आणि कार्यक्रम संपेपर्यंत माझ्या अंगाची नुसती लाही लाही होत होती.

इतकी वर्षं मी एका गोष्टीवर तग धरून होतो. वाटायचं, आज तिची चलती असेल, पण मनातून तिला माझा हेवा वाटतच असणार. आवाजाचा, शुद्ध बोलण्याचा, सव्वीस वर्षांच्या नावाचा. गावात असे बरेच असणार. एवढा मान मिळवलेल्या माणसाबद्दल कोणाच्याच पोटात दुखत नाही, असं कसं होईल?

आता कर-कार्यालयाच्या यादीची गोष्ट. आमच्याकडे कोणाचं उत्पन्न किती हे उघड असतं. पूर्वी वर्तमानपत्रंच छापायची आणि लोक न्याहारी थांबवून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आकडे वाचायचे. आता संगणकावर स्वतःच्या ओळखीने आत जाऊन बघावं लागतं. त्यात गोम अशी की आपण ज्याचं बघितलं त्याला, त्याने शोधलं तर, आपलं नाव दिसतं. म्हणून शहाणी माणसं बघत नाहीत, किंवा दूर उत्तरेतल्या मेव्हण्याला बघायला लावतात. मला मेव्हणा नाही. शिवाय मी म्हटलं, आस्लाउग कशाला त्या यादीत जातेय. तिची बिलं अजून बिस्किटाच्या डब्यात असतात.

बघितलं. उत्पन्न तीन लाख बारा हजार.

मी पुन्हा बघितलं. माझी पेन्शन तीन लाख सत्तेचाळीस हजार. म्हणजे एवढा गाजावाजा, एवढी पाटी, एवढा इंग्वाल्ड, आणि हातात माझ्याहून कमी! त्या दिवशी मी शीळ घालत अंगणातला बर्फ ओढला, शेजाऱ्याचाही ओढला. तूरी म्हणाली, "तुला ताप आहे का?"

आणि मग मी वाईट वागलो. किराणा दुकानात कॉफीचा एक कोपरा आहे, सकाळी आम्ही निवृत्त लोक तिथे बसतो. तिथे मी सहज म्हणून सोडून दिलं, "आस्लाउगचं काही खरं नाही हं. सगळा देखावा. आत काही नाही." कोणी विचारलं, तुला कसं कळलं? मी नुसत्या भुवया उडवल्या. दर वर्षी नवी यादी आली की पहिल्याच दिवशी मी बघायचो. मधे कधी तिची फार स्तुती ऐकली, वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, तर जुनाच आकडा पुन्हा उघडून बघायचो. औषध म्हणून. घेतलं की तासाभरात बरं वाटायचं.

गेल्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ती अकराला आली, बूट दारात काढले, बसली, पण चीजला हात लावला नाही.

"समाजघरवाल्यांनी या वेळी भाडं आगाऊ मागितलं," ती म्हणाली. "पाच वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, का रे बाबांनो? तर एकमेकांकडे बघायला लागले. म्हणे, ऐकलंय की तू अडचणीत आहेस."

"कोण म्हणालं असं?" तूरीने विचारलं.

"तेच मलाही वाटलं. इंग्वाल्ड तर घाबराच झाला, म्हणाला पगार होणार ना? मग त्यानेच मला ती कराची यादी उघडून दाखवली. म्हणे, कोणी तुझे आकडे बघितलेत का ते बघ." तिने माझ्याकडे पाहिलं. "माझ्या बहिणीने बघितलेत एकदा. बर्गेनच्या कुणा अनोळखी बाईने एकदा. आणि ओद्मुन, तू सतरा वेळा."

"सतरा?" तूरी म्हणाली. वाफलच्या भांड्यातून धूर यायला लागला होता, पण ती उठली नाही.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "चुकून झालं असेल."

"सतरा वेळा चुकून?"

"बरं, नाही चुकून."

"एकदा तर ख्रिसमसच्या आदल्या दिवशी रे!" आस्लाउग म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. तेच ते, पत्र्यावर खडी. "मला आधी राग आला. खूप आला. पण मग लक्षात आलं की हा शहाणा पाच वर्षं चुकीच्या खिडकीतून डोकावतोय. अरे, तिथे दिसतो माझा पगार. मी घेते जेमतेम पोटापुरता, मला लागतं काय? नफा सगळा कंपनीत आहे. आणि कंपनीचे हिशेब वेगळ्या कार्यालयात असतात, कोणीही बघावे, नाव नाही, गाव नाही. कोणाला पत्ता लागत नाही. एवढी वर्षं बातम्या वाचल्यास, हे तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी लाजेपेक्षा दुसरंच काहीतरी वर आलं.

"किती?" मी विचारलं.

"ओद्मुन!" तूरी ओरडली.

"असू दे गं," आस्लाउग म्हणाली. "गेल्या वर्षी चौदा लाख. सगळ्यांचे पगार, कर, पेट्रोल जाऊन."

निम्मं म्हणजे सात. हा हिशेब माझ्या डोक्यात मी न बोलावता झाला, आणि बहुधा तोंडावर दिसला, कारण आस्लाउगने नजर वळवली. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

"माफ कर," मी म्हटलं. "दुकानात मीच बोललो. सोमवारी जाऊन सगळ्यांसमोर सांगतो."

"सांग. चौदा लाख सांगू नकोस मात्र, नाहीतर ते भाडं वाढवतील." तिने अखेर चीजचा तुकडा कापला, करपलेल्या वाफलवर ठेवला आणि खाल्ला. मग दारात बूट घालताना वाकल्या वाकल्या म्हणाली, "एक सांगू? राग ओसरला तेव्हा जरा बरंच वाटलं मला. आयुष्यभर तव्यापुढे उभी राहिले. माझ्यावर कोणी जळेल असं कधी वाटलं नव्हतं. तूही बघ की तुझी यादी. मजा येते." आणि ती धक्क्यावर गेली, पाहुणा यायचा होता.

तूरी वाफलचं भांडं खरवडायला लागली. मी संगणकापाशी जाऊन बसलो. मनात नावं जुळवत होतो. इंग्वाल्ड असणार. अनुदान कापणारा तो नगरपालिकेचा अध्यक्ष, तो तर असणारच. दुकानातल्या कोपऱ्यातले दोन-तीन. आणि एकदा तरी, पहिल्या वर्षी, जेव्हा तिचे साठ होते आणि माझे बाराशे, तेव्हा आस्लाउग. एकदा तरी. तिचं नाव दिसलं तर मी तिला कधीच बोलून दाखवणार नव्हतो. नुसतं माझ्यापाशी ठेवणार होतो.

आत गेलो. वर्ष निवडलं. 'आपली माहिती कोणीही पाहिलेली नाही.' मागचं वर्ष निवडलं. तेच वाक्य. त्याच्या मागचं. जितकी वर्षं तिथे दिसत होती तितकी सगळी उघडली, रेडिओ चालू होता तीसुद्धा. मग वाटलं, संगणक अडकला असेल, म्हणून बाहेर पडून पुन्हा आत गेलो.

पुन्हा तेच वाक्य. मग हाक मारली, "तूरी, जरा इकडे ये."

ती हात पुसत दारात आली.

"तुझ्या ओळखीने आत जा आणि माझं नाव टाक. एकदाच."

"कशाला?"

"माझं उत्पन्न बघायला."

"ते काय बघायचं?" तूरी म्हणाली. "मला माहितीये की." आणि ती परत भांडी घासायला गेली.